बसलेली गाडी

रात्री अंगणात सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली असते. नाक वर, मागचे टायर मडगार्डच्या आत अर्धेअधिक गडप. चावी फिरवली की डिकीखालून कुठून तरी घरघर सुरू होते, मिनिटाभरात मागची बाजू उठते आणि मालक निश्चिंत होऊन निघतो. पुढे ती घरघर लांबत जाते. मग ऐन पावसाळ्यात एका सकाळी ती येतच नाही. गाडी बसते ती बसतेच.

मारुती, टाटा, महिंद्राच्या साध्या गाड्यांना हे दुखणं ठाऊक नाही. त्यांच्या मागच्या चाकांवर पोलादी स्प्रिंग असते. टेम्पो-ट्रकला पाटे असतात. पाटा तुटला तर तुटलेला दिसतो, स्प्रिंग दमली तर गाडी वर्षावर्षाने बोटभर खाली येते. रातोरात बसते ती मागे हवेचं सस्पेन्शन असलेली गाडी. पोलादाच्या जागी दोरे भरलेल्या जाड रबराचा एक फुगा, त्यात दाबून भरलेली हवा, आणि त्या हवेवर गाडीचा मागचा भार. कंपनीच्या कागदांत हा ‘एअर स्प्रिंग’. गॅरेजात ‘बलून’. एके काळी फुग्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डहाणूत हा शब्द कुणाला अवघड वाटायचं कारण नाही.

डहाणूच्या पारनाक्यावरून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावं लागतात. एका हाताला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे, मुंबई-अहमदाबाद हायवे चारोटी आणि तलासरीवरून आच्छाडला राज्याची हद्द ओलांडतो. महागड्या गाड्या या पट्ट्यात दोन वाटांनी येतात. शनिवार-रविवारी वाडीवर येणाऱ्या मुंबईकरांच्या, ही एक वाट. त्यांची काळजी त्यांची कंपनी घेते. दुसरी वाट जुन्या बाजाराची आहे, आणि या लेखाचा विषय तिथूनच सुरू होतो.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला होता. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. दिल्लीतल्या श्रीमंत घरांत थोडक्याच वापरलेल्या मोठ्या जर्मन डिझेल गाड्या त्या आदेशाच्या धाकाने ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत उतरल्या. नवी असताना अर्ध्या कोटीच्या पुढे असलेली गाडी नव्या हॅचबॅकच्या किमतीला मिळू लागली. इंजिन ठणठणीत, कातडी सीट शाबूत. वाडीवाला, बिल्डर, हॉटेलवाला यांना मोह न पडता तरच नवल. एमएच-४८ ची पाटी लागते आणि गाडी खाऱ्या वाऱ्यात राहायला येते. किंमत पाचपटीने उतरलेली असते. सुट्या भागांची किंमत मात्र गाडी नवी असतानाचीच राहते, हे पहिला बलून फुटेपर्यंत कुणी सांगत नाही.

आता हवा मागेच का, पुढे का नाही, ते पाहू. यात खरी गंमत आहे.

गाडीच्या पुढच्या चाकांवर इंजिन बसलेलं असतं. तो भार रोज तेवढाच. मागच्या चाकांवरचा भार मात्र माणसांप्रमाणे बदलतो. एकटा ड्रायव्हर असला तर मागे जवळजवळ काही नाही. मागे तिघं बसले, डिकीत चिकूचे करंडे आणि सामान आलं की दोनशे-तीनशे किलोंची भर. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या स्प्रिंगांवर ८०० किलो आहेत. गाडी मऊ चालावी म्हणून तिचा हेलकावा सेकंदाला सुमारे १.२ वेळा ठेवायचा असेल, तर नुसत्या त्या भाराने स्प्रिंग १७ सेंटीमीटर दबलेली असावी लागते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, ब्रँड कोणताही असो. त्यावर आणखी ३०० किलो टाकले की गाडी मागून साडेसहा सेंटीमीटर खाली जाते. स्प्रिंग कडक करून हेलकावा दीडवर नेला, तर रिकाम्या गाडीचं दबणं ११ सेंटीमीटरवर येतं आणि भरल्यावरची घसरण चारवर. पण मग एकटा माणूस गाडी चालवताना प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यात मोजला जातो.

इंजिनियरने कुठे तरी मधे तडजोड करायची, हा स्प्रिंगचा जन्मजात नियम. बलून ती तडजोड टाळतो. भार वाढला की उंची मोजणारा सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो, कंप्रेसर हवा भरतो, गाडी मूळ उंचीवर येते. हवेचा दाब भाराच्या प्रमाणात वाढल्यामुळे बलूनचा कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून हेलकावा जवळपास तोच राहतो. एकटा असो की सहकुटुंब, बसणाऱ्याला फरक कळत नाही. बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजच्या २००८ नंतरच्या पिढीत आखूड व्हीलबेसच्या गाडीला मागे पोलादी स्प्रिंग होती आणि लांब व्हीलबेसच्या गाडीला मागे हवा. मालक मागे बसणार, हे कंपनीने गृहीत धरलं होतं. भारतात रस्त्यावर दिसते ती मुख्यतः लांब गाडी. अनेक एसयूव्हींना आणि मागे सामानाची मोठी जागा असलेल्या एस्टेट गाड्यांनाही याच कारणाने फक्त मागेच हवा दिली गेली.

आता बिघाड. बलूनचं रबर खाली-वर होताना स्वतःवरच दुमडतं. ती घडी हजारो वेळा त्याच ठिकाणी मोडते, वातावरणातला ओझोन तिथे बारीक चिरा पाडतो, चिखल आणि रेती घडीत अडकून घासत राहते. आगर-नरपडच्या रस्त्यावर वाऱ्याबरोबर वाळू येते, तलासरीच्या बाजूला खडीची धूळ. चीर पडली की हवा इतकी हळू निसटते की दिवसा जाणवत नाही, रात्रभरात मात्र गाडी बसते. सकाळी कंप्रेसर ती भरून काढतो. हा कंप्रेसर वाटीएवढ्या पिस्टनचा असतो, थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला. गळतीमुळे तो रोज लांबलांब चालतो, तापतो, रिले चिकटतो, शेवटी जळतो. हवेतली वाफ शोषून घ्यायला त्याच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी असते. समुद्रकाठच्या दमट हवेत ती लवकर भरते, मग पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं आणि तिथे गंज धरतो. म्हणजे एका रबराच्या चिरेने बलून जातो, बलूनमुळे कंप्रेसर, कंप्रेसरमुळे व्हॉल्व्ह. मालकाला तिन्हींचं बिल येतं, बहुधा वेगवेगळ्या महिन्यांत, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं की आता संपलं.

ज्याने पहिल्याच महिन्यात साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे पाहिले आणि बलूनची जोडी बदलली, त्याचा कंप्रेसर वाचतो. पण सकाळी बसलेली गाडी चावी फिरवल्यावर आपोआप उठत असेल, तर गॅरेजात कोण नेतो?

नेणार तरी कुठे? डहाणू तालुक्यावर २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने उद्योगांच्या मर्यादा घातल्या आणि त्यांच्या देखरेखीसाठी पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. चिकूच्या वाड्या ज्या काही टिकल्या, त्या बऱ्याच अंशी त्यामुळे. अशा ठिकाणी जर्मन गाड्यांचं काचेचं वर्कशॉप कोण उघडेल? अधिकृत दुरुस्तीला मुंबई-ठाण्याकडे, नाहीतर सुरतेकडे जायचं. बसलेली गाडी तेवढं अंतर चालत नाही, म्हणजे टोइंग. उलट चारोटीपासून आच्छाडपर्यंत हायवेला पाटेवाले आणि टायरवाले मैलामैलावर आहेत. ते रात्री दोनलाही ट्रकचा पाटा बदलून देतात. पोलाद त्यांच्या हातचं आहे. स्कॅनर लावल्याशिवाय उत्तर न देणारी हवा त्यांच्या हातची नाही.

म्हणून शेवटी तो विचार येतो: हवा काढून टाकू आणि स्प्रिंग बसवू.

हा विचार आपल्या जुगाडू स्वभावाचा आहे असं कुणी म्हणालं तर त्याला डेट्रॉईटची गोष्ट सांगावी. १९५७ साली कॅडिलॅकने ‘एल्डोराडो ब्रॉम’ ही गाडी काढली. किंमत १३,०७४ डॉलर, त्या वर्षीच्या रोल्स-रॉइसच्या पंक्तीतली. चारही चाकांवर हवा. दोन वर्षांत ७०४ गाड्या बनल्या. हवा इतकी गळायची की मालकांनी त्या पोलादी स्प्रिंगांवर आणल्या. आज संग्राहकांच्या बाजारात मूळ हवेवर उभी असलेली ब्रॉम दुर्मिळ मानली जाते. जनरल मोटर्सने १९५८ मध्ये शेव्हरोले, ब्यूक आणि पॉन्टिॲक या स्वस्त नावांखालीही हवेचा पर्याय दिला आणि लवकरच गुपचूप मागे घेतला. तिकडे फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५४ साली आपल्या मोठ्या गाडीच्या फक्त मागच्या चाकांना तेल आणि वायूचं सस्पेन्शन बसवून पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी डीएस या गाडीत ते चारही चाकांवर नेलं. ते टिकलं, कारण सित्रोएनने ती यंत्रणा सांभाळणारे मेकॅनिकही घडवले. आजही अमेरिकेत जुन्या लिंकन टाउन कारच्या मागच्या बलूनऐवजी बसवायच्या स्प्रिंगांचे तयार संच मिळतात. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांसाठी इंग्लंडातही मिळतात. म्हणजे हवा काढून पोलाद बसवायची रीत हवेच्या सस्पेन्शनइतकीच जुनी आहे.

काम असं चालतं. आधी हवा सोडायची. दाब टायरच्या दुप्पट-तिप्पट असतो, तो असताना नळी उघडली तर इजा होते. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. बलून वेगळा आणि शॉकअप वेगळा असेल तर काम सोपं. कित्येक गाड्यांत मागे तसंच असतं. बलून ज्या वाटीत बसतो तिथे स्प्रिंग बसते, वर-खाली रबरी बैठक येते. बलून आणि शॉकअप एकाच नळकांड्यात असतील तर अख्खा स्ट्रट बदलावा लागतो, आणि मग खर्चाचं गणित बिघडतं. त्याच गाडीच्या पोलादी आवृत्तीची स्प्रिंग, तिची बैठक आणि तिचाच शॉकअप मिळाला, तर निम्मी लढाई जिंकली. हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधावं लागतं, नाहीतर परदेशातून मागवावं लागतं.

न मिळालं तर दुसरा मार्ग सुरू होतो. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची स्प्रिंग घ्यायची, बोईसरला तारापूर एमआयडीसीत लेथवर बैठकीच्या वाट्या करून घ्यायच्या आणि बसवायची. इथे माझा विरोध आहे. लेथवाल्याच्या हाताबद्दल शंका नाही, या पट्ट्यातला यंत्रकारागीर उत्तम. शंका आहे स्प्रिंगच्या निवडीबद्दल. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ मिलिमीटरच्या ऐवजी १५ ची तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो. डोळ्यांना एक मिलिमीटर कळतही नाही. गाडी उंच वाटली म्हणून सहा वेढ्यांतला एक कापला तर ती खाली येईल, पण आणखी एकपंचमांश कडकही होईल, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसणार नाही. भट्टीतून कडक होऊन आलेल्या पोलादाला गॅस कटरने तापवणं तर सरळ धोका. अशी स्प्रिंग खड्ड्यात तुटते, तुटलेलं टोक टायरच्या आतल्या भिंतीला लागतं.

शॉकअप हा दुसरा विसरला जाणारा भाग. बलूनबरोबरचा शॉकअप बलूनच्या मऊपणाला साजेसा असतो. त्यावर कडक स्प्रिंग बसवली की गाडी एका खड्ड्यानंतर तीनदा उडते. घोडबंदर ते आच्छाड हायवेवर जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचं १२१ किलोमीटरचं काम गेल्या काही वर्षांत चाललं, त्या काळात लेनालेनांतली उंचसखल पातळी सोसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

‘एकदा बसवा आणि विसरा’ असं सांगून हे काम विकलं जातं, ते खोटं आहे. स्प्रिंगही या हवेत गंजते. तळाच्या वेढ्यावरचा रंग उडाला की तिथून गंज आत शिरतो आणि एक दिवस तो वेढा तुटतो. फरक इतकाच की तुटल्याचा आवाज येतो, खाली वाकून बघता येतं, आणि बदलायला कुठल्याही गॅरेजात माणूस मिळतो. माझ्या मते दहा-बारा वर्षं उलटलेल्या, वॉरंटीबाहेरच्या, ठरावीक दोघां-तिघांनीच वापरल्या जाणाऱ्या गाडीला ही अदलाबदल शहाणपणाची आहे. पाच वर्षांच्या गाडीला नाही. तिथे साबणाचं पाणी आणि वेळेवर बदललेला बलून स्वस्त पडतो. आणि ज्याला मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी घेऊन नेहमी फिरायचं आहे, त्याने स्प्रिंग निवडताना तो भार मेकॅनिकला आधी सांगावा. तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे माणसं भरून जाणाऱ्या इको गाड्यांना मागे साधी कॉइल स्प्रिंगच असते. चालवणाऱ्यांना तिची मर्यादा चांगली माहीत असते, म्हणून कित्येक जण वेढ्यांत रबरी बफर घालतात. त्यांच्यापैकी कुणीही ती गाडी रिकामी असताना मऊ चालावी अशी अपेक्षा ठेवत नाही.

हे सगळं वाचून हवेचं सस्पेन्शन वाईट असं कुणाला वाटलं तर त्याने डहाणू रोड स्टेशनवर जावं. १६ एप्रिल २०१३ ला इथपर्यंत लोकल आली. मुंबईच्या लोकलचे जुने डबे पोलादी स्प्रिंगांवर होते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी राहिली की स्प्रिंगा पार दबायच्या आणि डब्याचा तळ प्लॅटफॉर्मपेक्षा खाली जायचा. २००७ नंतर मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे जे पांढरे-जांभळे रेक आले, त्यांच्या बोगीत वरच्या टप्प्याला एअर स्प्रिंग आल्या. लांब पल्ल्याच्या एलएचबी डब्यांतही आधी पोलादी कॉइल होत्या, नंतर त्या जागी हवा आणली गेली. कारण तेच, भार कितीही असो, डब्याची उंची तीच. म्हणजे रुळांवर पोलाद काढून हवा बसवली जात होती आणि रुळांपासून चार किलोमीटरवर हवा काढून पोलाद.

विसंगती दिसते तेवढी नाही. रेल्वेला ब्रेकसाठी दाबलेली हवा तशीही लागतेच, मोठा कंप्रेसर गाडीत असतोच. व्होल्वो बसचंही तेच, म्हणून दादर-पुणे शिवनेरीत हवेचं सुख वर्षानुवर्षं टिकलं. कारशेड असतं, डेपो असतो, ठरलेल्या तारखेला रबर तपासणारा माणूस असतो. शिवाय रेल्वेच्या एअर स्प्रिंगच्या पोटात घट्ट रबराची एक आपत्कालीन बैठक असते. हवा गेली तर डबा त्यावर टेकतो आणि कमी वेगाने स्टेशन गाठतो. मोटारीत हवेसाठी वेगळा छोटा कंप्रेसर, मागे डेपो नाही, तारीख नाही, आणि हवा गेली तर गाडी रबरी बंप स्टॉपवर आपटत चालते. तंत्र एकच. त्याला पोसणारं घर वेगळं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेली मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-ए कलमात परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर स्प्रिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून कुणी विचारणार नाही, असं गॅरेजात सर्रास म्हटलं जातं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर मात्र गाडीखाली वाकून बघतो. काम करायचंच असेल तर त्याच मॉडेलच्या पोलादी आवृत्तीचे, कंपनीचा भाग-क्रमांक असलेले भाग घ्यावेत, बिलं ठेवावीत, विमा कंपनीला लेखी कळवावं, आणि वसईच्या आरटीओत आधी विचारावं. लेथवर केलेल्या वाट्यांची कलाकृती सर्व्हेयरला समजावणं अवघड जातं.

शेवटचा मुद्दा गॅरेजात सगळ्यात कमी ऐकू येतो. हवा काढली की कंट्रोल युनिट डॅशबोर्डवर लाल-पिवळा दिवा लावतं. तो विझवण्यासाठी कोडिंग करून यंत्रणा बंद करायची असते. घाईत मेकॅनिक फ्यूज काढतो आणि मागच्या चाकाजवळची उंचीच्या सेन्सरची दांडीही सोडवून टाकतो, आता तिचं काय काम म्हणून. पण झेनॉन दिव्यांच्या गाड्यांत तोच सेन्सर हेडलाइटला सांगत असतो की मागे किती भार आहे, झोत किती खाली घे. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी घेऊन निघालेली, स्प्रिंगवर चार-पाच सेंटीमीटर बसलेली गाडी रात्री हायवेवर समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत सरळ प्रकाश मारते, आणि तिच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. स्प्रिंग बसवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजावी, कंपनीच्या आकड्याशी जुळवावी, अलाइनमेंट करून घ्यावं. सेन्सर जागेवर ठेवून नव्या उंचीला शून्य करावा. मग गाडी भिंतीसमोर उभी करून, आधी रिकामी आणि नंतर मागे माणसं बसवून, झोत कुठे पडतो ते खडूने आखून पाहावं.